सुकतीचं पाणी: आप्पांबरोबर नॉर्मंडीत चार दिवस

माझे वडील, आप्पा, हर्णैला पंचेचाळीस वर्षं समुद्रावर होते. त्यातली शेवटची वीस वर्षं तांडेल म्हणून. आता बोट भाऊ बघतो. यंदा मे महिन्यात आई-आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडे रेडिंगला आले. लंडन दाखवून झालं, राजवाडा झाला, आणि एका संध्याकाळी टीव्हीवर दुसऱ्या महायुद्धातली, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची जुनी चित्रफीत लागली. चौकोनी तोंडाच्या लहान बोटी वाळूवर चढतात, पुढचं दार धाडकन खाली पडतं आणि सैनिक पाण्यात उतरतात. आप्पा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "बाय, हे उतरले. पण ती बोट परत कशी काढली? मागं लाट मारतेय, पुढं वाळू. ते दाखवतच नाहीत."

मला काही सांगता येईना. मग ठरवलं, जाऊनच बघू. शेंगेनचा व्हिसा दोघांनी येतानाच काढलेला होता. गाडी घेऊन फेरीनं जायचं, तीन रात्री राहायचं आणि परत यायचं.

दिवस पहिला: साउथसी

पोर्ट्समथची फेरी रात्रीची होती, म्हणून दिवसभर साउथसीला थांबलो. समुद्राला लागूनच डी-डेचं, म्हणजे ब्रिटन-अमेरिका वगैरे दोस्तांच्या फौजा जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत उतरल्या त्या दिवसाचं, संग्रहालय आहे आणि त्याच्या दारात एक आख्खं जहाज उभं आहे: एलसीटी ७०७४, म्हणजे रणगाडे उतरवणारं लँडिंग क्राफ्ट. लांबी ५९ मीटर, पोटात दहा रणगाड्यांची जागा. ६ जून १९४४ च्या त्या मोहिमेत अशी ८०० हून जास्त क्राफ्ट होती. त्यातलं आज उरलंय ते हे एकच. युद्धानंतर याचा नाइट क्लब झाला, मग ते बर्कनहेडच्या गोदीत पाण्याखाली गेलं. २०१४ मध्ये वर काढलं, डागडुजी केली आणि २०२० मध्ये इथं आणून ठेवलं.

आत दोन रणगाडे उभे आहेत. सगळे त्यांचेच फोटो काढत होते. आप्पा मात्र थेट मागच्या टोकाला गेले आणि तिथं त्यांना हवं ते मिळालं. तिथल्या एका वयस्क स्वयंसेवकानं त्यांना मागच्या नांगराची गोष्ट सांगितली, मी मधे उभी राहून भाषांतर करत होते. किनारा जवळ आला की वाळूला टेकण्याआधीच मागचा नांगर टाकायचा, दोर सोडत सोडत पुढे जायचं, रणगाडे उतरवायचे आणि मग त्याच नांगराचा दोर विंचनं ओढून जहाज पाण्यात खेचायचं. आप्पांनी हातानं दोर ओढल्याची खूण केली, त्या गृहस्थांनीही केली. त्यानंतर भाषांतराची फारशी गरज उरली नाही. दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

"पण लहान बोटीला असं नांगर-बिंगर करायला वेळ कुठला?" बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले. खरा प्रश्न त्यांच्या मनात लहान बोटीचाच होता.

संग्रहालयात ८३ मीटर लांबीचं भरतकाम आहे, ३४ तुकड्यांमध्ये या सगळ्या मोहिमेची कथा. आईला तिथून हलवणं अवघड झालं. सुईचं काम ती डोळे बारीक करून बघत होती. हे बघायचं असेल तर नुसत्या संग्रहालयाला दोन-अडीच तास ठेवा.

रात्री फेरीच्या डेकवर वारा झोंबत होता. आप्पांनी विचारलं, "आपले लोक होते का अशा बोटींवर?" होते. रॉयल इंडियन नेव्हीनं त्याच युद्धात लँडिंग क्राफ्टचं वेगळं दल उभारलं होतं, आणि आराकानच्या किनाऱ्यावर, आजच्या म्यानमारमध्ये, त्या बोटी लढल्या. त्या दलाच्या तळाचं नाव होतं 'हमला'. मालाडला मार्व्याच्या किनाऱ्यावर आज नौदलाचा जो आयएनएस हमला आहे, त्याचं नाव तिथून आलेलं. आप्पा मुंबईला बोट घेऊन जाताना मार्व्यावरून कितीदा गेलेत. "नाव वाचायचो," म्हणाले, "कशावरून ते ठाऊक नव्हतं."

दिवस दुसरा: आरोमांश आणि बायू

सकाळी उईस्त्रेआमला उतरलो. इथून पश्चिमेला सगळा तोच किनारा सुरू होतो: सोर्ड, जूनो, गोल्ड, ओमाहा, यूटा. पहिले तीन ब्रिटिश आणि कॅनडाच्या फौजांचे, शेवटचे दोन अमेरिकनांचे. मे संपत आल्यामुळे गावागावांत झेंडे लागत होते, जुन्या जीप रस्त्यावर दिसत होत्या. गाडी उजव्या बाजूनं चालवायची सवय व्हायला मला अर्धा तास लागला, एवढंच.

आरोमांशला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि समोर पाण्यात काळे प्रचंड ठोकळे उभे होते. हे मलबेरी बंदर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दिएप या बंदरावर दोस्तांनी छापा घातला आणि तो पार फसला. बंदर सरळ हल्ला करून घेता येत नाही, हे त्यातून कळलं. मग बंदरच सोबत न्यायचं ठरलं. काँक्रीटच्या पोकळ पेट्या, त्यातल्या मोठ्या साठेक मीटर लांब, इंग्लंडमध्ये बांधल्या, खाडीपार ओढत आणल्या आणि इथं बुडवल्या. असंच दुसरं बंदर ओमाहाला होतं. १९ जूनला सुटलेल्या वादळानं ते मोडलं. आरोमांशचं टिकलं.

पण बंदर उभं राहायच्या आधी माणसं उघड्या पुळणीवरच उतरवायची होती, आणि ते काम लहान बोटींचं. अमेरिकनांची बोट म्हणजे एलसीव्हीपी. सगळे तिला हिगिन्स बोट म्हणतात. न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्स नावाच्या लाकूड व्यापाऱ्यानं लुईझियानाच्या दलदलीत शिकारी आणि तेलवाल्यांसाठी उथळ पाण्यात चालणारी बोट बनवली होती. पंखा कशातही अडकू नये म्हणून तो बोटीच्या बुडाखाली खोबणीत बसवलेला. नाळ, म्हणजे बोटीचं तोंड, अशी की ओंडक्यावर, वाळूवर चढावी आणि उलट गिअर टाकला की मागं यावी. पुढं उघडणारं दार नंतर आलं. १९३७ मध्ये शांघायजवळ जपान्यांच्या बोटींना तसं दार होतं. व्हिक्टर क्रुलाक या अमेरिकन अधिकाऱ्यानं त्याचे फोटो काढून पाठवले होते, आणि हिगिन्सनं १९४१ मध्ये ते आपल्या बोटीला बसवलं. आप्पांना मी हे सगळं धक्क्यावर बसून वाचून दाखवलं. त्यांनी फक्त पंख्याच्या खोबणीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे बोट बनवणाऱ्यानं काढायचा विचार आधी केला," ते म्हणाले. "लावायला कोणीही लावील."

जेवायला शिनाणे, म्हणजे काळे शिंपले. फ्रेंच त्याला मूल म्हणतात, सायीच्या आणि सायडरच्या रश्श्यात, सोबत बटाट्याचे तळलेले काप. आईनं पहिला शिनाणा उघडून बघितला, वास घेतला आणि म्हणाली, ताजा आहे, पण आंबट काहीच नाही. तिच्या पिशवीत आमसुलं होती. दोन टाकली रश्श्यात. मी चाखलं, आणि सायीला आमसूल लागतं हे मला पटलं. शाकाहारी असाल तर इथं गव्हाच्या नाही, काळपट कुटूच्या पिठाच्या घावनासारख्या गालेत मिळतात, आत चीज आणि अंडं. अंडं नको असेल तर आधीच सांगा. आणि गोडात तेरगूल जरूर मागवा. तांदूळ, दूध, साखर, दालचिनी मातीच्या भांड्यात घालून कितीतरी तास मंद भट्टीत ठेवतात. वर करडी-तपकिरी साय धरते. आई म्हणाली, "खीरच की, पण खापरातली."

मुक्काम बायूला. तिथल्या पर्यटन कार्यालयातून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक घ्या, हे मी मुद्दाम सांगते. ते नसेल तर तुम्ही भर भरतीला जाल, आणि ज्या वाळूवर हे सगळं घडलं ती पाण्याखाली असेल. आप्पांनी ते वेळापत्रक चष्मा लावून रात्री उशिरापर्यंत बघितलं. आमच्याकडे हिशेब तिथीवर चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला, अवसेला बारा वाजता भरती. इथली वेळ वेगळी, पण रोज पुढं सरकणं तेच. मग त्यांनी विचारलं, "त्या सहा जूनला तिथी कुठली होती?"

मी शोधलं. पौर्णिमा होती. विमानांतून उतरणाऱ्यांना चंद्र हवा होता, बोटींना पहाटे ओहोटी हवी होती, म्हणजे जर्मनांनी वाळूत रोवलेले खांब आणि लोखंडी अडथळे उघडे पडतील. हे दोन्ही जुळणारे दिवस त्या महिन्यात मोजकेच होते. पाच जून ठरला होता, वाऱ्यामुळे एक दिवस पुढं गेला.

"जेष्ठातली पुनव," आई अंथरुणातून म्हणाली. "वटपौर्णिमा."

दिवस तिसरा: ओमाहा

सकाळी आभाळ भरलेलं, बारीक पाऊस. वेळापत्रकाप्रमाणे ओहोटीची वेळ गाठली आणि वीएरव्हिलच्या बाजूनं वाळूवर उतरलो. मी याआधी किनारे खूप पाहिलेत, पण पाणी इतकं लांब गेलेलं नव्हतं पाहिलं. इथं भरती-ओहोटीत अठरा-वीस फुटांचा फरक पडतो. पाण्याच्या कडेपासून मागं टेकडीकडे बघितलं की अंतर बघूनच पोटात कालवतं. वर टेकडीवर बंदुका होत्या आणि खाली हे सगळं उघडं.

आप्पा पाण्याच्या कडेनं चालत होते. मग थांबले आणि हातानं दाखवलं. वाळूचा एक लांब उंचवटा, कोरडा. त्याच्या अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, गुडघाभर पाण्याचा चर. त्याच्या अलीकडे पुन्हा वाळू.

"हे बघ. समुद्रातून येताना ती पहिली वाळू लागली की बोट थांबते. समोर माणसाला वाटतं, पोचलो. दार टाकलं की माणसं या चरात. आता गुडघाभर आहे. पाणी चढायला लागलं की पुरुषभर."

नेमकं तेच झालं होतं. साडेसहाला सैनिकांची पहिली लाट आली. बऱ्याच बोटी वाळूच्या दांड्यावर टेकल्या, दारं पडली आणि पाठीवर तीस-तीस किलोचं ओझं घेतलेली माणसं खोल पाण्यात गेली. हे मी पुस्तकांतून वाचलेलं होतं. आप्पांनी वाळूकडे बघून सांगितलं. अंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी असाच दांडा आहे, त्यावर बोटी उलटलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यात.

आम्ही उभे होतो त्या भागाला डॉग ग्रीन म्हणत. तिथं उतरली ती अमेरिकनांच्या ११६ व्या रेजिमेंटची ए कंपनी. त्यांना आणणाऱ्या बोटी ब्रिटिश होत्या, एलसीए. त्यात साधारण ३५ सैनिक, इंजिनं कमी आवाजाची, आणि सुकाणूवाला पुढं उजवीकडे पोलादी आडोशात. हिगिन्स बोटीत सुकाणूवाला मागं डावीकडे, उघड्यावर उभा. बोटीचं अंग प्लायवूडचं, पुढचं दार तेवढं पोलादी. म्हणजे दार खाली पडलं की पुढचा आडोसाच गेला. ए कंपनीत व्हर्जिनियातल्या बेडफर्ड या लहानशा गावची पोरं होती. त्यातली १९ त्या दिवशी गेली.

त्या सकाळचा सर्वांत गाजलेला फोटो कोस्ट गार्डच्या रॉबर्ट सार्जंटनं काढला: उघडं दार, कमरभर पाण्यात चालणारे सैनिक, पुढं धुरकट किनारा. घरी तो शंभरदा पाहिलाय. इथं वाळूवर फोनमध्ये आप्पांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हा फोटो काढणारा बोटीतच आहे." खरंच की. तो फोटो बोटीत मागं राहिलेल्यांच्या नजरेतून आहे. बोटीवर चौघं असत: सुकाणूवाला, इंजिनवाला आणि दोन खलाशी. बहुतेक विशीच्या आसपासचे. बाकीच्यांना उतरवून त्यांनी बोट मागं घ्यायची, मोठ्या जहाजाला लागायचं, पुन्हा ३६ माणसं भरायची आणि पुन्हा इथंच यायचं. आता समोर काय आहे ते ठाऊक असताना.

पाऊस वाढला, म्हणून पॉइंत द्यू ऑक उरकतं घेतलं. तीस मीटरचा सरळ कडा, जो अमेरिकन रेंजर्स दोर-शिड्या लावून चढले. बॉम्बचे खड्डे अजून तसेच आहेत, गवतानं भरलेले. प्रवेश मोफत. चपला नकोत, चिखल होतो.

दुपारी कोलव्हिलची दफनभूमी. पांढऱ्या संगमरवराचे नऊ हजारांहून जास्त क्रूस आणि तारे, खाली ओमाहाचा समुद्र. इथंही तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणी होते. सहा जूनच्या आठवड्यात यायचं असेल तर रस्ते बंद असतात, हे धरून चला. आम्हालाच समारंभाच्या तयारीमुळे दोनदा वळसा पडला.

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, ती बाकावर बसली. परत आलो तेव्हा ती झाडांकडे बघत होती. म्हणाली, "त्या दिवशी सकाळी माझी आजी वडाला सूत गुंडाळत असेल. आणि इकडे हे." मग काही बोलली नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले.

संध्याकाळी बायूची राष्ट्रकुलाची दफनभूमी पाहिली. समोरच्या स्मारकावर लॅटिनमध्ये कोरलंय, अर्थ असा की विल्यमनं कधीकाळी जिंकलेल्या आम्ही त्या जेत्याची भूमी मुक्त केली. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम बोटी भरून इंग्लंडवर गेला होता.

दिवस चौथा: यूटा

आभाळ मोकळं. यूटाचा किनारा ओमाहासारखा नाही. मागं टेकडी नाही, नुसत्या वाळूच्या टेकड्या आणि दलदल. इथं ओढानं बोटी ठरल्या जागेपासून दोनेक किलोमीटर दक्षिणेला गेल्या. पहिल्या लाटेत थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर होते, माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, वय ५६, हातात काठी. चुकीच्या जागी उतरलोय हे कळल्यावर त्यांनी इथूनच लढाई सुरू करायचं ठरवलं, आणि ती चूक पथ्यावर पडली, कारण इथला बंदोबस्त कमी होता. पाच आठवड्यांनी हृदयविकारानं ते गेले. काल कोलव्हिलला त्यांची कबर पाहिली होती, भावाच्या शेजारी.

संग्रहालयाजवळ हिगिन्सचं स्मारक आहे: पूर्ण आकाराची बोट, दार वाळूकडे पडलेलं आणि त्यातून बाहेर पडणारे ब्राँझचे सैनिक. आप्पांनी पावलांनी मोजली. लांबी ३६ फूट, रुंदी जवळजवळ अकरा. "आपल्या जुन्या होडीएवढी," म्हणाले. अशा वीस हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या. या मोहिमेचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी पुढं म्हटलं होतं की हिगिन्सनं आपल्याला युद्ध जिंकून दिलं. या बोटी नसत्या तर उघड्या किनाऱ्यावर उतरताच आलं नसतं.

आप्पा मागच्या बाजूला, सुकाणूवाला उभा राहायचा तिथं जाऊन थांबले होते. मी त्यांना डग्लस मन्रोची गोष्ट सांगितली. ती इथली नाही, पॅसिफिकमधली. २७ सप्टेंबर १९४२, ग्वादलकनाल बेट. काही मरीन सैनिक किनाऱ्यावर घेरले गेले होते. मन्रो कोस्ट गार्डचा, बावीस वर्षांचा. हिगिन्स बोटींचा ताफा घेऊन तो त्यांना काढायला गेला. शेवटची माणसं चढत होती तेव्हा त्यानं आपली बोट मधे आडवी घातली, गोळ्या आपल्यावर घेतल्या आणि सगळ्यांना बाहेर पडू दिलं. त्याला गोळी लागली. शुद्ध जाण्याआधी त्यानं विचारलं, सगळे निघाले का?

आप्पांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. बोटीच्या कडेवर हात ठेवून समुद्राकडे बघत होते. पाणी चढायला लागलं होतं.

मग त्यांनी फयानचं सांगितलं. २००९ च्या नोव्हेंबरातलं ते वादळ. आप्पा आम्हाला समुद्राचं सगळं सांगतात, ती रात्र कधी नाही. मी तेव्हा पुण्याला होस्टेलवर होते. आपली बोट धक्क्याला लागल्यावर ते आणि अजून दोघं परत बाहेर गेले होते, दोन बोटींचा आवाज वायरलेसवर येत होता म्हणून. एकीतले सगळे मिळाले. दुसरीतले चौघं मिळाले, दोघं नाहीत.

"धक्क्यावर उतरलो तेव्हा मीपण हेच विचारलं," आप्पा म्हणाले. "सगळे आले का. मलाच ठाऊक होतं, तरी विचारलं."

आई वाळूवर उभी होती, तिनं त्यांचा हात धरून खाली उतरवलं. परतीची फेरी दुपारची होती. वाटेत कारेंतानला थांबून ब्रेड आणि चीज घेतलं. आप्पांनी उरलेले युरो देऊन पुढच्या वर्षीचं भरतीचं वेळापत्रक मिळतं का विचारायला सांगितलं. ते अजून छापलेलं नव्हतं.